अमेरिकेतल्या जर्मन पूर्वजांचं मूळ गाव शोधायचंय? मग आधी जर्मनीत जाऊ नका

आपल्याकडे नवीन माणूस भेटला की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला, मूळ गाव कुठलं? लग्न करून मी विस्कॉन्सिनला आले तेव्हा सवयीने सासूबाईंनाही विचारलं, तर उत्तर आलं "जर्मनी". म्हटलं हो, पण जर्मनीत कुठे? तर म्हणे "प्रशिया असं काहीतरी आजी म्हणायची". मला हे पचेचना. आमच्याकडे तर सात पिढ्यांपूर्वी सोडलेल्या, आता कोणीही राहत नसलेल्या गावाच्या देवीला अजून वर्षाला ओटी जाते आणि यांना पणजोबा कुठून आले हेच माहीत नाही! पुढे मुलाला शाळेत फॅमिली ट्री करायला दिला, माझ्या बाजूची नावं काकांनी त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीतून फोनवर भराभर सांगितली आणि नवऱ्याची बाजू तिसऱ्या पिढीला अडकली. तिथून हे वेड लागलं.

आता आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधे कोणाचा जावई, कोणाची सून, कोणाचा नवरा जर्मन आडनावाचा निघाला की मला फोन येतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. माझा अनुभव मुख्यतः विस्कॉन्सिनचा आणि पॉमर्नमधून (बाल्टिक समुद्राकाठचा प्रशियाचा एक प्रांत) आलेल्या लोकांचा आहे, पण १८२० ते १९१० या काळात जर्मन भागातून अमेरिकेत ५० लाखांहून जास्त माणसं आली, त्यातल्या बहुतेकांना पद्धत हीच लागू पडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आडनाव घेऊन थेट जर्मन साइटवर शोधायला बसणं. मी दोन महिने तेच केलं. जर्मनीत सगळी जुनी कागदपत्रं गावाप्रमाणे लावलेली असतात, चर्चप्रमाणे, तालुक्याप्रमाणे. गावाचं नाव नसेल तर पुढे काही नाही. आणि ते गावाचं नाव दहातल्या नऊ वेळा अमेरिकेतल्याच कागदात सापडतं, तेही बऱ्याचदा आपल्या माणसाच्या नाही तर त्याच्या भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या कागदात. तेव्हा निदान पहिले काही महिने जर्मनीकडे बघायचंच नाही असं ठरवा.

घरातली पेटी

सुरुवात घरातूनच करायची. बेसमेंट, माळा, आत्याबाईंचं कपाट. जुनं बायबल असेल तर त्याची पहिली आणि मधली पानं बघा, जन्म लग्न मृत्यू तिथे लिहायची पद्धत होती. टाउफशाइन म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला, बऱ्याचदा रंगीत फुलाबिलांची नक्षी असलेला, फ्रेम करून ठेवलेला असतो आणि घरच्यांना वाटतं ते देवाचं चित्र आहे. आमच्याकडे असंच झालं, पण तो दाखला इथेच विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत जन्मलेल्या मुलाचा होता, म्हणजे उपयोग शून्य. असो. जुने फोटो उलटे करून बघा, मागे स्टुडिओचं आणि शहराचं नाव छापलेलं असतं, तो स्टुडिओ जर्मनीतला असेल तर निदान कुठल्या भागातलं कुटुंब एवढं तरी कळतं. आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस पकडा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि बोलू द्या. ते जे सांगतील ते सगळं खरं नसतं, "आपण सरदार घराण्यातले, इस्टेट होती" हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं (आपल्याकडेही येतं), पण गावाच्या नावाचा मोडकातोडका उच्चार त्यातच कुठेतरी दडलेला असतो. जसा ऐकू येईल तसाच लिहून ठेवा, सुधारू नका.

पैसे कुठे घालवायचे नाहीत

जुने कागद शोधायच्या दोन मोठ्या साइट आहेत. फॅमिलीसर्च फुकट आहे, फक्त अकाउंट काढायचं. अँसेस्ट्रीला पैसे पडतात पण अमेरिकेतल्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत जाऊन ती फुकट वापरता येते, आधी तिथे जा. मी एका साइटचं "फ्री ट्रायल" घेतलं आणि बंद करायला विसरले, सहा महिन्याचे पैसे कापले गेले तेव्हा नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मोबाइलमधे रिमाइंडर लावा.

आणि दुसऱ्यांनी ऑनलाइन बनवलेले फॅमिली ट्री डोळे झाकून कॉपी करू नका. मला एक तयार ट्री सापडला, थेट १६५० पर्यंत, मी आनंदाने सगळा उचलला, सासूबाईंना वाढदिवसाला फ्रेम करून दिला. नंतर कळलं की त्यात एक बाई स्वतःच्या आईच्या आधी जन्मलेली आहे. फ्रेम अजून हॉलमधे आहे, कोणी काढू देत नाही.

सेन्सस, आणि जुना सेन्सस का चांगला

अमेरिकेचा सेन्सस दर दहा वर्षांनी होतो आणि ७२ वर्षांनी खुला होतो, म्हणून १९५० चा २०२२ मधे उघडला. तिथून मागे मागे जायचं, एकेक दशक, उडी न मारता. १९०० चा फार कामाचा, त्यात जन्माचा महिना आणि वर्ष असतं, कुठल्या वर्षी देशात आले ते असतं, नागरिकत्व घेतलं का ते असतं. १८९० चा शोधत बसू नका, १९२१ च्या आगीत आणि त्यानंतरच्या गोंधळात तो जवळजवळ सगळा गेला. घरातल्या सगळ्यांची नावं मिळतात ती १८५० पासून, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे.

आता गंमत अशी की जर्मनी नावाचा एक देश झाला १८७१ ला. त्याआधी प्रशिया, बव्हेरिया, व्युर्टेमबर्ग, बाडेन, हेसे, हानोव्हर, मेक्लेनबुर्ग अशी वेगवेगळी राज्यं होती, आपल्याकडच्या संस्थानांसारखी. १८६० ते १८८० च्या सेन्ससमधे लिहिणाऱ्यांनी बऱ्याच ठिकाणी राज्याचं नाव लिहिलंय, पुढे १९०० पासून नुसतं "जर्मनी". म्हणजे जुना कागद जास्त सांगतो. आमचे खापरपणजोबा आले १८८१ ला, त्यामुळे त्यांच्या सगळ्या सेन्ससमधे जर्मनी जर्मनी जर्मनी. पण त्यांच्याच रस्त्यावर तीन घरं सोडून त्याच आडनावाचा एक माणूस होता, तो आधीपासून इथे, १८७० च्या सेन्ससमधे त्याच्यापुढे प्रशिया. तो भाऊ निघाला. मात्र प्रशिया सापडलं म्हणून पेढे वाटू नका, १८७१ नंतरच्या जर्मनीचा साधारण दोन तृतीयांश भाग प्रशियाच होता.

सेन्सस बघताना आजूबाजूची पंधरा वीस घरं पण उतरवून घ्या, ही सवय फार उपयोगी आहे. ही माणसं एकेकटी नाही आली. विस्कॉन्सिनमधलं फ्राइश्टाट १८३९ ला वसलं ते पॉमर्नमधून आलेल्या जुन्या लुथरन लोकांनी, प्रशियाच्या राजाने दोन प्रोटेस्टंट पंथ एकत्र करून एकच उपासना लादली ती यांना मान्य नव्हती म्हणून. मग त्यांच्यामागून मेहुणे, चुलत भाऊ, गावातले लोक येत राहिले. मुंबईत गिरणगावात एकेका चाळीत एकेका तालुक्याची माणसं असायची ना, अगदी तसंच.

चर्च, चर्च आणि चर्च

मला विचाराल तर सगळा वेळ इथे घालवा. सरकारी कारकुनाला पॉमर्न काय नि बाडेन काय, सारखंच, तो अमेरिकन होता. पण चर्चचा पाद्री स्वतः जर्मन, रजिस्टर जर्मनमधे, आणि त्याला गाव विचारायची सवय, आपल्यासारखीच! दफनाच्या नोंदीत "जन्म अमुक गावी, तालुका तमुक" असं लिहिलेलं सापडतं, लग्नाच्या नोंदीत कधी कधी दोघांच्या आईवडलांची नावं. विस्कॉन्सिनमधे जन्ममृत्यूची सरकारी नोंद नीट व्हायला लागली १९०७ च्या ऑक्टोबरपासून, त्याआधीच्या नोंदींचा इंडेक्स विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे, पण तो अर्धवट. चर्चची रजिस्टरं त्याच्या कितीतरी आधीपासूनची.

कुठलं चर्च हे कसं कळणार? लग्नाच्या सरकारी दाखल्यावर पाद्र्याचं नाव असतं, ते जुन्या सिटी डिरेक्टरीत (शहरातल्या लोकांची नाव-पत्त्यांची छापील यादी) शोधा. नाहीतर कुठल्या स्मशानभूमीत पुरलंय ते बघा. मग चर्चला फोन करा, चर्च बंद पडलं असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते विचारा, जवळच्या चर्चमधे नाहीतर त्या पंथाच्या अर्काइव्हमधे असतं. जाताना थोडी डोनेशन द्या आणि रविवारी सकाळी जाऊ नका.

आमचं गाव कसं सापडलं सांगते. खापरपणजोबांची दफनाची नोंद मिळाली, त्यावर "जन्म पॉमर्नमधे". बस एवढंच, मी रडायची बाकी होते. मग त्या भावाची काढली, तो शेजारच्या काउंटीत मुलीकडे राहायला गेला होता, तिथल्या छोट्या चर्चच्या रजिस्टरमधे पाद्र्याने गाव, तालुका, जन्मतारीख सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. त्या पाद्र्याला माझा साष्टांग नमस्कार.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदार म्हणून जे गॉडपेरेंट्स असतात त्यांची नावं पण लिहून घ्या. मामा, मावशी, आत्या हेच असतात बहुतेक, आणि बाळाच्या आईच्या माहेरचं आडनाव इथूनच कळतं.

बाकीचे कागद, पटापट

जर्मन भाषेतली वर्तमानपत्रं मिलवॉकीत भरपूर निघायची, इंग्रजी पेपरात दोन ओळी असतील तिथे जर्मन पेपरात मृत्यूची मोठी बातमी असू शकते, लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिक्लिंग अमेरिका हा जुन्या पेपरांचा ऑनलाइन संग्रह फुकट आहे. थडग्यांचे फोटो फाइंड अ ग्रेव्हवर. दगडावर "गेब." दिसलं तर ते "गेबोरेन", म्हणजे जन्म, पण बाईच्या नावानंतर "गेब." आलं तर पुढचं तिचं माहेरचं आडनाव.

नागरिकत्वाचे कागद १९०६ च्या सप्टेंबरआधी कुठल्याही कोर्टात व्हायचे आणि त्यात फारसं काही नसतं, पण एक खुबी आहे, माणसाला आपल्या जुन्या राजाची निष्ठा सोडतो असं लिहून द्यावं लागायचं. "प्रशियाचा राजा" की "मेक्लेनबुर्गचा ग्रँड ड्यूक", यावरून राज्य कळतं. बायकांचे कागद शोधू नका, १९२२ पर्यंत नवऱ्याबरोबर बायको आपोआप नागरिक व्हायची. ज्यांनी नागरिकत्व घेतलंच नाही त्यांच्यासाठी १९१८ च्या शत्रूराष्ट्राच्या नागरिकांच्या नोंदी बघा, पहिल्या महायुद्धात जर्मन लोकांना पोलिसात नाहीतर पोस्टात जाऊन नाव नोंदवावं लागलं होतं. त्याच काळात कित्येकांनी श्मिट्चं स्मिथ केलं, म्युलरचं मिलर केलं, घरात जर्मन बोलायचं बंद केलं. सासूबाईंच्या आजीने मुलांना एक शब्द शिकवला नाही, त्याचं कारण मला इथे कळलं.

जहाजाबद्दल लोकांचे गैरसमज

एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या तपासणी केंद्रावर, साहेबाने नाव बदललं, ही गोष्ट प्रत्येक घरात सांगतात. तसं व्हायचं नाही हो. यादी जहाज निघतानाच तयार व्हायची, एलिस आयलंडचा अधिकारी ती समोर ठेवून विचारायचा, दुभाषे असायचे. आणि एलिस आयलंड उघडलंच १८९२ ला, तुमचे पणजोबा १८८१ ला आले असतील तर ते न्यूयॉर्कच्या आधीच्या केंद्रावर, कॅसल गार्डनवर उतरले, किंवा न्यूयॉर्कला न येता बाल्टिमोरला.

निघायचं बंदर हॅम्बुर्ग असेल तर नशीबवान आहात, तिथल्या १८५० ते १९३४ च्या याद्या बऱ्याचशा शिल्लक आहेत आणि त्यात आधीचं राहण्याचं गाव लिहिलेलं असतं. थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची यादी वेगळी आणि इंग्लंडमार्गे जाणाऱ्यांची वेगळी, दोन्ही बघा. ब्रेमेन असेल तर मात्र अवघड आहे, जागा नाही म्हणून जुन्या याद्या नष्ट केल्या आणि बाकीचं युद्धात गेलं, आता फक्त १९२० ते १९३९ च्या काही उरल्यात. अमेरिकेत पोचल्यावरच्या याद्या १८२० पासून आहेत पण जुन्यांमधे फक्त देश. आमचे ब्रेमेनवालेच निघाले, अर्थातच.

गाव सापडलं, आता नकाशा

आता जर्मनीत जायला हरकत नाही. पण नॉयडॉर्फ, नॉयश्टाट अशा नावाची गावं ढिगाने आहेत, आपल्याकडे पिंपळगाव आणि वडगाव आहेत तशी, त्यामुळे तालुक्याशिवाय गाव पक्कं धरू नका. १९१२ च्या सुमाराचा मायर्स गॅझेटियर म्हणून कोश आहे, दोन लाखांहून जास्त ठिकाणं, ऑनलाइन फुकट, नकाशासकट. गाव टाकलं की क्राइस म्हणजे तालुका कुठला, नोंदणी कचेरी कुठल्या गावात, चर्च गावातच की शेजारच्या गावात, सगळं कळतं. लहान खेड्याला स्वतःचं चर्च नसायचं, हे विसरलात तर भलत्याच रजिस्टरमधे महिना जाईल.

मग बघायचं ते गाव आज कुठल्या देशात आहे. ओडर नदीच्या पलीकडचा पॉमर्न, शिवाय अलीकडच्या काठावरचं स्टेटिन, १९४५ नंतर पोलंडमधे गेलं, स्टेटिनचं श्चेचिन झालं, आमचा तालुका रेगेनवाल्डे, त्याचं आता रेस्को. तिथली जर्मन माणसं हाकलली गेली, बरीच रजिस्टरं युद्धात जळाली नाहीतर हरवली, उरली ती काही पोलंडच्या सरकारी अर्काइव्हमधे, काही जर्मनीत. पोलंडच्या अर्काइव्हची "शुकाय व आर्खिवाख" साइट आहे, बरेच स्कॅन फुकट बघता येतात, जर्मन नावाने नाही सापडलं तर पोलिश नावाने शोधा. आजच्या जर्मनीतलं गाव असेल तर चर्चच्या रजिस्टरांच्या दोन साइट आहेत, प्रोटेस्टंटांसाठी आर्किऑन (पैसे पडतात), कॅथलिकांसाठी मात्रिकुला (फुकट, पण सगळे भाग नाहीत). बाडेन व्युर्टेमबर्गवाल्यांची चैन आहे, तिथून बाहेर गेलेल्यांचा वेगळा डेटाबेसच तिथल्या सरकारी अर्काइव्हने केलाय. तरी सैन्यातली भरती चुकवायला गुपचूप पळालेला माणूस त्यात नसणार.

सरकारी नोंदणी, म्हणजे श्टांडेसआम्ट, प्रशियात १८७४ च्या ऑक्टोबरपासून आणि सगळ्या जर्मनीत १८७६ च्या जानेवारीपासून. त्याआधीचं सगळं चर्चमधे. जन्माच्या नोंदी ११० वर्षांनी खुल्या होतात, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३०.

मोडी वाचणाऱ्यांसाठी हे सोपं आहे (खोटं)

रजिस्टर उघडलं आणि मी गार पडले. कुरेंट लिपी, म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर. अक्षरं आपल्याच ओळखीची असायला हवीत पण एकही ओळखू येत नाही, आजोबांकडच्या मोडी कागदांसारखं. छोटा ई हा एनसारखा दिसतो, यू कळावा म्हणून त्याच्या डोक्यावर गोल फराटा देतात. मी जे केलं ते सांगते. तक्ता छापून भिंतीवर लावला, रोज पंधरा मिनिटं आपलंच नाव त्या लिपीत लिहिलं. वाचण्यापेक्षा लिहिल्याने लवकर बसतं. तीन आठवड्यात "टाउफे" म्हणजे बाप्तिस्मा, "गेश्टॉर्बेन" म्हणजे मेला, एवढं दिसायला लागलं, आणि रजिस्टरमधे तेच तेच पन्नास शब्द फिरतात, त्यामुळे कविता वाचायची नाहीये. ट्रान्सक्रिबस नावाचं सॉफ्टवेअर वाचून देतं, पण नावात चुकतं आणि आपल्याला नावंच हवी असतात.

दोन खाचखळगे. एक, तारखेत ७बर दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर. लॅटिन सात, सेप्टेम. तसंच ८बर ऑक्टोबर, ९बर नोव्हेंबर, आणि एक्सबर डिसेंबर. मी एका बाळाचा बाप्तिस्मा जन्माच्या दोन महिने आधी लावला होता. दुसरं, नावं. तीन भाऊ, तिघांचं पहिलं नाव योहान, कारण बाप्तिस्म्याला दोन तीन नावं ठेवायची आणि हाक मारायचं नाव वेगळंच, कधी मधलं कधी शेवटचं. रजिस्टरमधे कधी त्या नावाखाली रेघ मारलेली असते. आमचे अमेरिकेतले विल्यम हे तिकडे योहान फ्रीडरिश विल्हेल्म. आणि मूल दगावलं की पुढच्या मुलाला पुन्हा तेच नाव, म्हणून जन्म सापडला की लगेच उड्या मारू नका, पुढची चार पाच वर्षं मृत्यूचं रजिस्टर चाळा. मला हे सगळ्यात जड गेलं, एकाच आईच्या नावापुढे तीन वेळा आउगुस्टे.

आडनावावर फार विसंबू नका. बरीचशी धंद्यावरून, श्नायडर म्हणजे शिंपी, श्मिट् म्हणजे लोहार, शुल्ट्स म्हणजे जवळजवळ आपला गावचा पाटील. पाटील आडनावावरून कोणी मूळ गाव शोधेल का? काही आडनावं मात्र गावावरून, शेवटी "अर" लागतो तो आपल्या "कर"सारखा, पण त्यातून कळतं ते कुटुंब कधीतरी ज्या गावाहून निघालं ते, जिथून जहाजाला गेलं ते नाही.

पत्र लिहिताना

अर्काइव्हला ईमेल जर्मनमधेच करा, ट्रान्सलेटर चालतो, पण पाच ओळींच्या वर नको. घराण्याची कथा सांगू नका. पूर्ण नाव, अंदाजे जन्मवर्ष, गाव, तालुका, पंथ, आणि एकच प्रश्न. खर्च किती येईल ते आधी विचारा. उत्तराला दोन महिने लागू शकतात, मधे मधे आठवण करत बसू नका. एका ठिकाणाहून मला "आमच्याकडे हे गाव नाही" एवढंच आलं, पण खाली कुठे आहे ते लिहिलं होतं, म्हणून "नाही" असं उत्तर आलं तरी शेवटपर्यंत वाचा.

सासूबाईंना आता गाव तोंडपाठ झालंय, चर्चमधे सगळ्यांना सांगत असतात, उच्चार दर वेळी वेगळा. आणि आता त्यांना आईकडची बाजू हवीये. ती बव्हेरियाची, पासाउकडची, कॅथलिक, म्हणजे मात्रिकुलावर स्कॅन आहेत आणि नोंदी बऱ्याचशा लॅटिनमधे. कालच बसले होते, पहिल्या पानावर तीन शब्द लागले.